कोळ्याच्या डब्याला समोरची खिडकी

दोन कोळी माझ्यामुळे मेले आणि दोष मी त्यांच्या मालकिणीवर ढकलला.

अकोल्यात माझं प्लास्टिकचं वर्कशॉप आहे. कापसाचे वाईट दिवस होते. फवारणी पंपाच्या टाक्यांचं काम थांबलं होतं, म्हणून येईल ते काम घ्यायचो. अमरावतीच्या नसरीन मॅडम कॉलेजात झूलॉजी शिकवायच्या आणि घरी मोठे केसाळ कोळी पाळायच्या. त्यांना मी अ‍ॅक्रिलिकचे, म्हणजे काचेसारख्या प्लास्टिकचे, डबे करून दिले. भोकं फक्त झाकणाला पाडली. हवा वरून जाईल, असा हिशेब.

डब्यांत बुरशी आली, दोन कोळी मेले. मॅडमचा फोन आला, तेव्हा मी म्हणालो, "पाणी तुमीच जास्त टाकलं असन."

महिन्याभरात त्या उरलेली एकच कोळीण, राणी, घेऊन वर्कशॉपवर आल्या.

"भाऊ, ही आता कात टाकणार. तेव्हा कोळी अगदी मऊ असतो. बुरशीनं हिलाही गिळलं, तर मी पुन्हा कोळी पाळणार नाही."

कूलर घरघरत होता, तरी सगळे घामानं चिंब. मशीनवरून माझा कारागीर सलीमभाई ओरडला, "भाऊ, थे कूलरच्या समोरची खिडकी उघडा ना! कूलर नुसती उमस करून राहिला. पाहुणीले शिजवता काय?"

खिडकी उघडली. वारा खेळू लागला. माझी नजर डब्यावर गेली आणि कानशिलं तापली. अकोल्यात कूलरपुढं जन्म गेला, आणि डब्याला समोरची खिडकी ठेवायचं मला सुचलं नव्हतं.

नवा डबा केला. एका बाजूला खाली भोकं, समोरच्या बाजूला वर. भोक राणीच्या अंगापेक्षा बारीक. ड्रिल हळू चालवलं, मागे लाकडी ठोकळा धरला, नाहीतर अ‍ॅक्रिलिक तडकतं. कडा घासून गुळगुळीत केल्या, पाय कापू नयेत म्हणून. मग दोन्ही डब्यांत अगरबत्तीचा धूर सोडला. जुन्यात तो कोंडून राहिला. नव्यात वरच्या भोकांतून सरळ बाहेर!

"निघाला!" मॅडमनी टाळीच वाजवली.

"आता माणसायलेही असंच घर बांधा," सलीमभाई म्हणाला.

काही दिवसांनी मॅडमचा फोन आला. राणीनं कात टाकली होती, आठही पाय शाबूत. पुढं मुंबई-पुण्याहून अशाच डब्यांच्या ऑर्डरी आल्या. भोकं मोजून काही कळत नाही, वारा कुठून शिरतो आणि कुठून निघतो ते पाहावं लागतं, एवढं मी शिकलो.

राणीनं कात टाकल्याचं कळलं, तेव्हा फोनवर अभिनंदन करून मोकळं होता आलं असतं. मी अमरावतीला गेलो. राणी नव्या अंगानं चकाकत बसली होती. तिच्यासमोरच म्हणालो, "मॅडम, पाणी जास्त नव्हतं. चूक माझ्या झाकणाची होती. आणि तुमच्यावर ढकलली, ती त्याहून मोठी. माफ करा."