निळूच्या भिंतीवरचे 'ना'

निळू गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. त्याचा मुलगा विलास एवढंच म्हणाला, "काका, बाबा गेले ना..." आणि अशा वेळी सुचू नये तेच मला सुचलं, की निळूने हा 'ना'सुद्धा भिंतीवर लिहिला असता. दीड महिना झाला, चित्त थाऱ्यावर नाही. लिहून तरी बघावं म्हणून बसलो आहे.

साकोलीच्या अलीकडे, हायवेला लागून निळूचं ट्रकच्या पंक्चरचं दुकान. एकोडीच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी तिथेच मराठीचा मास्तर झालो आणि तो सातवीनंतर टायरांत शिरला. ट्यूब पाण्यात बुडवली, की बुडबुडे शोधता शोधता तो ड्रायव्हरला विचारायचा, "आपके उधर 'ना' बोले तो क्या?" मिळालेलं उत्तर ट्यूबवर खूण करायच्या पिवळ्या खडूने आतल्या भिंतीवर जायचं आणि खाली ड्रायव्हरचं गाव. पंजाबचा एकजण नाकातून 'नां' म्हणाला, तर त्याचा अर्थ 'नाव' निघाला. तेलंगणाच्याने सांगितलं, ना म्हणजे माझा. ना लारी, माझी लॉरी. बंगालच्याने 'जाबो ना' म्हणजे जाणार नाही असं सांगितलं, तेव्हा निळू फारच खूश. "पाह्य गा मास्तर, हिंदीवाला आधीच ना म्हणून मोकळा होते. हा बंगाली आपल्यासारखा. बैल उठेना म्हणतो का नाही आपण? आधी उठाचं बोलते, मंग ना." त्याच बंगाल्याचं 'एशो ना' लाडाने म्हटलं तर ये, आणि रागाने म्हटलं तर येऊ नको. "बायको माहेरी निघाली का असंच बोलाव लागते," म्हणून निळू कितीतरी दिवस हसत होता.

खरं सांगतो, मला ती भिंत खुपायची. तीस वर्षं मी फळ्यावर अव्ययं शिकवली आणि पोरं जांभया देत राहिली. याच्याकडे मात्र टायर चढला तरी ड्रायव्हर उठायचं नाव घेत नसत. "यात काही शास्त्र नाही," मी त्याला सुनवायचो. तो ट्यूब घासत राहायचा.

गेल्या वर्षी त्याचं हृदयाचं ऑपरेशन नागपूरला झालं. तो परत यायच्या आत दुकान चकाचक करावं म्हणून मी स्वतः उभं राहून भिंतीला पांढऱ्या रंगाचे दोन हात मारून घेतले. प्रेमाने केलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. प्रेम होतंच. पण रंगाऱ्याने विचारलं, "गुरुजी, हे लिवलेलं ठेवाचं का?" तेव्हा मी "पुसून टाक" म्हणालो, ते अगदी झटकन म्हणालो. तो झटका अजून आत कुठेतरी सलतो.

निळू ऑटोतून उतरला, आत आला, भिंतीसमोर उभा राहिला...

"काहून गा, मास्तर?"

"खराब दिसत होती ना!"

"हा कोणता ना म्हणाचा?" तो हसला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून त्याने आठवून आठवून पुन्हा लिहायला घेतलं. दोन अक्षरं लिहिली की दम खायला टेकायचा. तू सांग, मी लिहितो, एवढं काही माझ्या तोंडून निघालं नाही. सात-आठ ओळींवर ते काम थांबलं, ते थांबलंच.

परवा विलासजवळ दुकानात बसलो होतो. तेलंगणाची एक लॉरी हवा भरायला थांबली. ड्रायव्हर सरळ आत आला आणि भिंतीवर बोट फिरवत काहीतरी शोधू लागला.

"मेरा इधर था," तो म्हणाला. "नीलू भाई किधर?"

विलासने माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही सांगितलं. निळू गेला, आणि तुमची ओळ मी पुसली. ती ओळ पुन्हा लिहिण्यापर्यंत निळू पोचलाच नव्हता.  पाण्याच्या टाकीवरचा पिवळा खडू उचलून ड्रायव्हरने माझ्या हातात ठेवला.

"लिखो साब. ना दोस्तु."

मी लिहिलं. आयुष्यभर वळणदार लिहिणारा हात, पण अक्षर वाकडं आलं. तो मान हलवून बाहेर गेला. मी डोळे पुसले, खाली गाव लिहायला खडू टेकवला, आणि लक्षात आलं की विचारलंच नाही. धावत बाहेर आलो, तर लॉरी हायवेला लागली होती.

गावाची जागा मोकळी आहे. आता तो परत येईपर्यंत मला रोज दुकानात जाऊन बसणं आलं.