गोंदाखालची अक्षरं

बाई खुनशी होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. होड्या दुरुस्त करायच्या यार्डात ती जुने स्टिकर आणि त्यांचा चिवट गोंद काढायची. सगळे तिला ठकी म्हणत. हे लाडाचं नाव नवऱ्याने ठेवलेलं. आपल्या निळ्या फायबरच्या होडीवरही त्याने तेच चिकटवलं होतं, हातभर उंच लाल अक्षरांत.

नवरा गेला आणि धाकट्या दिराने होडी घशात घातली. दादा नुसती चालवायचा, होडी पहिल्यापासून माझीच, असं चारचौघांत सांगितलं. लाल अक्षरं ओरबाडून काढली आणि त्या जागी इंजिनाच्या जाहिरातीची रुंद पट्टी चिकटवून मोकळा झाला. ज्याच्या डोळ्यांदेखत ती अक्षरं लागली होती तो यार्डातला सुतारसुद्धा मूग गिळून बसला. ठकी भांडली, रडली, आणि मग गप्प झाली. गप्प झाली म्हणजे विसरली थोडीच! रोज गोंद खरवडताना ती दिरालाच सोलत असायची.

आणि एके दिवशी दीर आपल्या पायांनी चालत आला. होडी विकायची होती. दुपारी गिऱ्हाईक येणार, आणि पट्टी उपटली तर खाली गोंदाचा काळाकुट्ट राप. हे काम ठकीशिवाय कोणाला जमत नव्हतं.

"वहिनी, झालं गेलं विसरा," तो म्हणाला. "तेवढा गोंद काढा. पॉलिशच्या भानगडीत पडू नका, वेळ नाही."

आणि गेला चहा प्यायला. लोखंडी पातं घेऊन होडी उभी आडवी ओरखडावी, असं ठकीला फार वाटलं. पण होडी नवऱ्याची होती, तिच्यावर कसला राग काढायचा? तिने हीटगनने गोंद मऊ केला, प्लास्टिकच्या पट्टीने सोलून काढला, उरलेला चिकटा तेल लावून चोळला आणि फडक्याने स्वच्छ पुसला.

जे दिसणार म्हणून तिला ठाऊक होतं, तेच दिसलं. पट्टी लागायच्या आधी होडीने वर्षानुवर्षं ऊन खाल्लं होतं आणि तिचा रंग विटला होता. लाल अक्षरांच्या खाली मात्र तो नवा कोरा राहिलेला. फिकट निळ्यावर गडद निळं, ठसठशीत: ठकी. हे घालवायला पॉलिशच लागतं. तिने पॉलिशचा डबा उचलला, झाकण घट्ट केलं आणि फळीवर ठेवून दिला.

दीर गिऱ्हाईकाला घेऊन आला. गिऱ्हाईक होडीभोवती फिरलं आणि थांबलं. ही ठकी कोण, असं त्याने विचारलं. तेव्हा सुताराने हातातला रंधा खाली ठेवला.

"ह्या," तो ठकीकडे बघून म्हणाला. "होडी यांच्या नवऱ्याची. अक्षरं माझ्यासमोर लागली. तेव्हाच बोलायला हवं होतं मी."

मग या बाईंशी बोलल्याशिवाय आपण पुढे जाणार नाही, असं गिऱ्हाईकाने सांगून टाकलं. दिराचं तोंड पार उतरलं. तो ठकीजवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, की वहिनी, निदान आधी सांगायचं तरी.

ठकीने सावकाश हात पुसले.

"गोंद तेवढा काढायला सांगितलात, भाऊजी. पॉलिश तुम्हीच नको म्हणालात."