प्रार्थना सुचत नव्हती तेव्हा

"काका, तुम्हाला गीयाँ-बारे सिंड्रोम झालाय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मला ते नाव नीट ऐकूही आलं नाही. मुलगा विनय म्हणाला, "म्हणजे पॅरालिसिस?"

"तसा नाही. शरीराची रोगाशी लढणारी ताकद चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते. वायरवरचं प्लास्टिक निघून गेलं तर करंट पोचेल का? तसं झालंय."

नगरमध्ये माझं शेतीच्या मोटारी आणि पंपांचं दुकान होतं. सारा जन्म त्याच धंद्यात गेला. जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळतात, ते वाइंडिंग मला ठाऊक होतं. म्हणून मी एवढंच विचारलं, "पुन्हा वाइंडिंग होतं का?"

त्या हसल्या. "होतं. पण शरीर ते स्वतः करतं, आणि सावकाश करतं. त्याआधी हे आणखी वाढेल. श्वासापर्यंतही जाऊ शकेल. त्याची तयारी ठेवू."

सुरुवात अगदी साधी होती. आधी पोट बिघडलं आणि बरं झालं. मग एके सकाळी तळपायांना मुंग्या आल्या. मला वाटलं, साखर वाढली असेल. दुसऱ्या दिवशी चर्चच्या तीन पायऱ्या चढताना कठडा धरावा लागला. त्यानंतर बाथरूममध्ये गुडघे दुमडले आणि मी खाली बसलो तो मला उठताच येईना. बायको शांता आणि विनय यांनी मला उचललं. तुमच्यापैकी कोणाला पायांच्या मुंग्यांबरोबर अशक्तपणा येत असेल आणि तो वर वर चढत असेल, तर घरी तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

एनसीव्ही नावाची तपासणी झाली. नसांमधून संदेश किती वेगानं जातो ते त्यात बघतात, बारीक झटके बसतात. मग पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं. त्यानंतर आयव्हीआयजी, म्हणजे निरोगी लोकांच्या रक्तातून काढलेलं औषध, सलाईनमधून सुरू केलं. तोवर हात उचलेनासे झाले होते. चेहरा सैल पडला. पाणी घशाखाली उतरेना. शेवटी घशात नळी घालून मला व्हेंटिलेटरला, म्हणजे श्वास देणाऱ्या यंत्राला जोडलं.

या आजारात शुद्ध जात नाही. हे लक्षात ठेवा, कारण पेशंटच्या उशाशी उभं राहून लोक काहीही बोलतात. मला सगळं ऐकू येत होतं. हो म्हणायचं असेल तर एकदा डोळे मिटायचे, नाही म्हणायचं असेल तर दोनदा, एवढीच माझी भाषा उरली होती.

दुकान विनयच्या हाती सोपवल्यापासून मी आमच्या मंडळीच्या कामातच होतो. मंडळी म्हणजे आमच्या चर्चचं सगळं कुटुंब. कोणाला दवाखान्यात न्यायचं, अंत्यविधीची व्यवस्था बघायची, नाताळाला एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना जेवायला आणायचं. पाळकसाहेब बाहेरगावी असले की आजाऱ्याजवळ प्रार्थनाही मीच करायचो. शब्द कधी शोधावे लागले नाहीत. आणि आता स्वतःवर वेळ आली तर मला एक ओळ सुचेना. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" एवढं म्हणायचो आणि पुढे काहीच नाही. छतावरचा पंखा दिसायचा, यंत्राचा आवाज यायचा. देव रागावलाय असं वाटलं नाही. तिथं कोणीच नाही असं वाटलं. ते जास्त वाईट होतं.

शांता भेटीच्या वेळी आली. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पन्नासेक वर्षांचा संसार, तिला काय कळायचं ते कळलं.

"अहो, प्रार्थना होत नाहीये का?"

मी एकदा डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेनं पाणी गेलं, ते मला पुसता येत नव्हतं. तिनं पदरानं पुसलं.

"मग नका करू," ती म्हणाली. "बाहेर माणसं बसलीत, ती करताहेत. मी करतेय. तुम्ही नुसतं पडून राहा. प्रत्येक वेळी तुम्हीच पुढं व्हायला पाहिजे असं कुठं लिहिलंय?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा शांत झोपलो.

बाहेरच्या बाकांवर काय चाललं होतं ते मला नंतर समजलं. मंडळीतल्या बायकांनी शांताच्या डब्याचे वार ठरवून घेतले होते. खर्डा गावचे रावसाहेब, माझं जुनं गिऱ्हाईक, एसटीनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आले. शांता जेवत नव्हती. ते तिच्यासमोर डबा उघडून बसले. "वयनी, तुमी खाल्ल्याबिगर मी उठत न्हाई. शेट बरं व्हत्याल, पर तुमी पडला तर त्यांना कोन बगनार?" आणि ती जेवेपर्यंत ते खरंच उठले नाहीत. आत येऊन मला म्हणाले, "आमच्या देवीला बी सांगून आलोय शेट. तुमच्या देवाला चालंल न्हवं?" मी ठसठशीत एकदा डोळे मिटले.

हळूहळू श्वास सुधारला, नळी निघाली. पहिला शब्द "चहा" निघाला, आणि तो मिळाला नाही. गिळण्याचा व्यायाम जमेपर्यंत नाकातल्या नळीवरच राहावं लागलं. घरी आलो तो व्हीलचेअरवर. विनय मला आंघोळ घालायचा. आधी मी लाजून भिंतीकडे तोंड करायचो. तो म्हणाला, "पप्पा, मान वर करा, साबण डोळ्यांत जाईल." त्याच्या लहानपणी मीही हेच म्हणत असणार. मी मान वर केली. मदत घेणं मी असं शिकलो, साबणाच्या फेसात.

फिजिओथेरपिस्ट रोज यायचा. काही महिन्यांनी वॉकर आला, पुढे काठी. अजून तळपाय बधिर आहेत. लांब चालवत नाही, चर्चमध्ये पुढं उभा राहत नाही. मागच्या बाकावर बसतो आणि दुसऱ्यांनी केलेल्या प्रार्थनेला आमेन म्हणतो. त्यातही सुख असतं हे मला ठाऊक नव्हतं.

गेल्या महिन्यात डॉक्टर मॅडमचा फोन आला. कोपरगावकडची एक शिक्षिका, लेकीच्या वयाची, तिला हाच आजार होता. यंत्रावर होती. औषध लागू पडत होतं, पण तिनं डोळे मिटून घेतले होते, खुणांना उत्तर देत नव्हती. "काका, याल का?"

शांता आणि मी गेलो. तिची आई, शेतात राबणारी बाई, कॉटजवळ उभी होती. काय बोलायचं ते मी ठरवून गेलो नव्हतो. मी म्हणालो, "बाळ, मी असाच पडलो होतो. ऐकू येतंय तुला, मला माहीत आहे." तिनं डोळे उघडले नाहीत. मग "आता बघ," म्हणत मी काठी शांताकडे दिली आणि दारापर्यंत चालत जाऊन परत आलो. थोडा झोकांडलो.

"बगती ती!" आई एकदम म्हणाली. "डोळं उगडलं! दादा, आजून एकदा चालून दावा तिला."

मी पुन्हा दारापर्यंत गेलो आणि वळलो. तिची नजर माझ्या पायांवर होती. मी तिच्याकडे चालू लागलो.