पाठीवरच्या उजेडाच्या रेघा

मणक्याच्या दवाखान्यात पाठ मोजणाऱ्या गृहस्थांना सगळे सरळसाहेब म्हणत, आणि त्यांना तो मान वाटे. स्वतःच्या टिंगलीत इतक्या सुखाने नांदणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

काम तसं हलकं. खोलीत अंधार करायचा आणि पाठीवर यंत्रातून उजेडाच्या रेघा सोडायच्या. पाठ उंचसखल असेल तिथे रेघ वाकते, उतारावर नांगराचं तास वाकतं तशी. कॅमेरा ते वाकणं टिपतो आणि आतल्या कण्याचा अंदाज कागदावर उतरतो. क्ष-किरण नाहीत, म्हणून वाढत्या मुलांना पुन्हा पुन्हा मोजता येतं. यंत्र गुणी होतं. शेजारी उभा राहणारा तेवढा नव्हता.

यंत्राच्या पुस्तकात लिहिलं होतं, माणूस रोज जसा उभा राहतो तसाच राहू द्या, तीनदा मोजा, सरासरी घ्या. साहेबांनी ते पुस्तक टेबलाच्या आखूड पायाखाली सारलं होतं. ते एकदाच मोजत, आणि त्याआधी करड्या आवाजात म्हणत, "ताठ!" सैन्यात भरती व्हायचं राहून गेलं, त्याची भरपाई बिचाऱ्या पोरांच्या पाठींवर चाले. पोरं घाबरून छाती पुढे काढत, आणि यंत्र इमानाने त्यांची भीती मोजत बसे.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची तेरा वर्षांची मुलगी कण्याला बाक आला म्हणून वर्षभर पाठीला पट्टा बांधून होती. आधीची दोन मापं नर्सबाईंनी घेतली होती, तिसरं साहेबांनी. बाक एकदम निम्मा निघाला. डॉक्टरबाई पट्टा सोडायच्या विचारात पडल्या, मुलगी हरखून गेली. आई मात्र झग्याचा घेर बघत राहिली. पोरगी एका अंगाला कलते म्हणून ती डावीकडून दोन बोटं जास्त दुमडायची, तेव्हा कुठे घेर सरळ दिसायचा. बाक खरंच ओसरला असता, तर आता उजवी बाजू खाली लोंबायला हवी होती. घेर होता तसाच सरळ होता.

लेकीला घेऊन आई साहेबांच्या खोलीत परत गेली, मागोमाग डॉक्टरबाईही.

"पुन्हा मोजा," आई म्हणाली.

"बाई, यंत्र चुकत नाही."

"यंत्राला कोण नावं ठेवतंय? तुम्ही तिला ताठ करता. गिऱ्हाइकाला पोट आत घ्यायला लावून मी माप घेतलं, तर कपडा बसेल का त्याला?"

साहेबांनी आपल्या वीस वर्षांच्या अनुभवाचं तुणतुणं लावलं. डॉक्टरबाईंनी ते मध्येच तोडलं आणि तीनदा मोजायला सांगितलं. मोजताना आईने लेकीला मैत्रिणीशी झालेल्या भांडणाचं विचारलं. सांगता सांगता लेक स्वतःला विसरली, खांदा हळूच खाली आला. तिन्ही मापं एकमेकांजवळ पडली. बाक होता तिथेच होता.

पट्टा राहिला. मुलगी हुंदके देत रडली. ओंजळीत घातलेलं सुख परत काढून घेतल्यावर दुसरं काय करणार? साहेबांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रेघा विझवता विझवता ते पुटपुटले, "नीट ताठ राहिली असती, तर सुटली असती."