चारही दारं एकदम बंद

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही अंबरनाथ पश्चिमेला राहत होतो. माझे यजमान कारखान्यात ऑफिसर होते. त्यांनी सेकंडहँड गाडी घेतली आणि हौसेने तिला सेंट्रल लॉक बसवून आणलं. ड्रायव्हरच्या दाराचं बटण दाबलं की चारही दारं खटकन बंद. बसवून चार दिवसही झाले नव्हते.

त्या मे महिन्यात कुळगावहून माझे वडील आले. जन्म भातशेतीत गेलेला, ऐकू कमी यायचं, त्यात दमा. उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं. बाबांना मागे बसवलं, धूळ नको म्हणून काचा वर केल्या. दवाखान्याच्या अलीकडे मागचं चाक बसल्यासारखं वाटलं, म्हणून आम्ही दोघं उतरलो. यजमानांनी जुन्या सवयीने बटण दाबून दार लोटलं. किल्ली आत, स्विचलाच लटकत राहिली.

आधी मला काहीच वाटलं नाही. बाबा आत आहेत, बटण वर ओढतील. मी काचेवर टकटक करून त्यांना खुणेने बटण दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट ठेवले. मी ओरडून सांगितलं, काच खाली करायची खूण केली. ते नुसते हसले. दुसरी किल्ली घरी होती. यजमान रिक्षा पकडून अंबरनाथकडे निघाले.

ऊन थेट टपावर होतं. थोड्या वेळाने बाबांनी टोपी काढली, सदऱ्याचं बटण सोडलं. त्यांचे खांदे वरखाली व्हायला लागले. दम्याचा पंप घ्या, असं मी खुणावणार, तेवढ्यात आठवलं की पंप माझ्याच पर्समध्ये आहे, खांद्याला.

समोरच्या कापडाच्या दुकानातल्या सिंधी बाई बाहेर आल्या होत्या. त्यांनी मला दंडाला धरलं. म्हणाल्या, "चाबी का इंतजार मत कर, बेटी. काच तोड."

गाडी नवऱ्याची, किती जपून घेतलेली, हा विचार तेव्हाही मनात आला, याची आजही लाज वाटते. बाबांनी डोळे मिटले तेव्हा मी दगड उचलला. ड्रायव्हरच्या दाराची काच तिसऱ्या घावाला फुटली. हात घालून बटण ओढलं, मागचं दार उघडलं, पंप त्यांच्या तोंडाशी धरला. बाईंनी पाणी आणलं. बऱ्याच वेळाने बाबांचा श्वास जागेवर आला.

"काच कशाला फोडलीस?" ते म्हणाले. "जावय काय बोलतील?"

मी विचारलं, बटण का नाही ओढलंत?

"तूच सांगलंस ना सकाली, कशाला हात लावू नका, मोडंल."

खरंच सांगितलं होतं. तेही सगळ्यांसमोर, वैतागून.

यजमान किल्ली घेऊन आले. फुटकी काच त्यांनी पाहिली, सीटवरचे तुकडे झाडले आणि बाबांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. मी बाहेर बाकड्यावर बसले. तोवर न आलेलं रडू तिथे आलं.

पुढच्या रविवारी कुळगावच्या अंगणात मी बाबांना गाडीत बसवून बटण ओढायला शिकवलं. पहिल्यांदा आवाज झाल्यावर त्यांनी दचकून हात मागे घेतला. मग मी त्यांचं बोट धरलं.