राजाच्या पाठीमागे झेलिंदा

गार्फान्यानाच्या डोंगरातला ओत्तोरीनो वर्षभर लाकडं तोडायचा आणि उन्हाळ्यात एक दिवस राजा व्हायचा. चेस्टनटच्या झाडांखाली गावाचं गाण्यातलं नाटक रंगायचं, आणि त्यातला मुकुट कित्येक वर्षं त्याच्याच टकलावर होता. पण गेल्या खेपेला गडी अडखळला. यंदा पुन्हा अडखळला, तर मुकुट पाववाल्या ग्वाल्तिएरोच्या डोक्यावर जाणार, असं मंडळींनी बजावलं होतं. तेव्हापासून बिचाऱ्याला घास गोड लागेना.

राजाच्या तोंडी एक भारदस्त शब्द होता: सिन्योरेज्जो, मी सत्ता गाजवतो. एरवी तो बोलतंय कोण! फार तर पाद्रीबुवा प्रवचनात सांगायचे, आपल्या रागावर अशी सत्ता गाजवा. शाळेतल्या बाई म्हणायच्या, आपला बुरूज साऱ्या खोऱ्यावर तशीच सत्ता गाजवतो. ओत्तोरीनोने मात्र तो थेट स्वयंपाकघरात आणला. बायकोने चिखलाचे बूट बाहेर काढायला सांगितले, तर हा छाती फुगवून म्हणाला, "या घरावर सिन्योरेज्जो! मी!"

"हो का, राजेसाहेब?" झेलिंदा म्हणाली. "मग राजवाडा पुसून घ्या आधी."

नेमका खेळाच्या सकाळी सूचकाचा घसा बसला. इथला सूचक पडद्याआड लपत नाही; संहिता हातात घेऊन सगळ्यांदेखत गाणाऱ्याच्या पाठीमागे फिरतो आणि ओळ पुटपुटतो. ते काम झेलिंदाने आपणहून अंगावर घेतलं. ओत्तोरीनोने गुपचूप आपल्या चिखलाच्या बुटांकडे पाहिलं.

खेळातलं युद्ध झालं. मेलेले सैनिक उठून, कपडे झटकून वाइन प्यायला गेले. राजा पुढे आला, तलवार उंचावली, "डोंगरांवर आणि सागरांवर..." आणि पुढे सगळं कोरं. घरात आठवडाभर मिरवलेला तोच शब्द गायब! व्हायोलिनवाल्याने तीच सुरावट पुन्हा वाजवली. ग्वाल्तिएरो हसू दाबत होता.

"झेलिंदा," राजा ओठ न हलवता म्हणाला, "सांग ना."

"बूट?"

"बाहेर काढीन. रोज. आईशप्पथ!"

तिने शब्द सांगितला. ओत्तोरीनोने तो असा खणखणीत लावला की पलीकडच्या गावातली कुत्री भुंकली. मुकुट वाचला. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि डोंगरांचा नि सागरांचा धनी मागे वळून बायकोला हळूच विचारू लागला, "बरोबर म्हटलं ना गं?"