बंगल्याच्या जागेवरचा ब्लॉक

लग्नानंतर दोन वर्षांनी आम्ही नौपाड्यात ओनरशिपचा ब्लॉक घेतला. तळमजला, नवी बिल्डिंग. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्या जागेवर पूर्वी बैठा बंगला होता. तो पाडून बिल्डरने चार मजले चढवले आणि मालकीणबाईंना तिसऱ्या मजल्यावर जागा दिली. सत्तरीच्या, एकट्याच. सगळे त्यांना काकू म्हणत.

राहायला जाऊन आठवडा झाला नसेल, दुपारी चारला काकू दारात.

"जरा टेकू का गं आत?"

जिना चढण्याआधी दम खात असतील, असं मला वाटलं. पण त्या थेट आमच्या आतल्या खोलीत गेल्या आणि पश्चिमेच्या खिडकीजवळ थांबल्या.

"ह्यांची खाट इथे होती. सात वर्षं अंथरुणाला खिळून होते. इथेच गेले."

मी खुर्ची आणून दिली.

मग त्या रोजच यायला लागल्या. हळू आवाजात बोलत बसायच्या. भाजी कुठली केली, शेजारचा बंगलाही आता पाडणार आहेत, असलंच काहीतरी. मध्येच गप्प व्हायच्या, समोरचा बोलत असावा तशा, आणि मग म्हणायच्या, "हो, तेही खरंच." किचनमध्ये कणीक मळताना माझे हात त्या गप्प होण्यापाशी थांबायचे.

एकदा मी धीर करून म्हटलं, "काकू, वर तुमचं स्वतःचं घर आहे की."

"तिसऱ्या मजल्यावर आमचं कोणी कधी राहिलंच नाही गं. तिथे तर नुसती हवा होती."

मला दिवस राहिले, तेव्हा नवरा चिडला. "आपल्या बेडरूममध्ये रोज मेलेल्या माणसाशी गप्पा? मला नाही चालायचं. तू सांगतेस की मी सांगू?"

मीच सांगितलं, जिन्यात. "काकू, उद्यापासून नका येऊ."

"बरं," एवढंच म्हणाल्या आणि कठड्याला धरून वर गेल्या.

दोन महिन्यांत जागा विकून त्या डोंबिवलीला पुतण्याकडे गेल्या. मला मात्र चार वाजले की त्या खोलीत पाऊल टाकवेना.

मुलगी तीन महिन्यांची झाली, तेव्हा तिला घेऊन मी डोंबिवलीला गेले. मला माफी मागायची होती. काकूंनी बाळाच्या हातावर साखर ठेवली, माझी विचारपूस केली. राग कुठेच नव्हता. माफीचे शब्द काही माझ्या तोंडून निघाले नाहीत. निघताना त्यांनी माझा हात धरला.

"मी आले इकडे, पण ते तिथेच आहेत. त्यांना चारचं ऊन सोसत नाही. पडदा ओढत जाशील?"

मी हो म्हटलं.

त्या घरात आम्ही आणखी नऊ वर्षं राहिलो. रोज चारला मी पडदा ओढायचे. सुट्टीच्या दिवशी नवरा घरी असायचा, पण त्याने कधी काही विचारलं नाही. एका रविवारी मी बाजारातून उशिरा आले, तर पडदा ओढलेला होता. तो बाहेर पेपर वाचत बसला होता. त्याने मान वर केली नाही.